तालमीच्या अंधूक खोलीसाठी पहिला डीएसएलआर: एका खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका तरुणीच्या पहिल्या कॅमेऱ्याचं आहे. नाव-गाव गाळलं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. खरेदी कशी होत गेली तो क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

ती एका हौशी नाट्यसंस्थेत पडद्यामागचं काम बघते. तालमींचे फोटो काढायचं काम तिच्याकडे आपोआप आलं, कारण नेमक्या क्षणी बटण दाबण्याची जाण तिला आहे. दोन वर्षं तिने ते मोबाइलवर निभावलं. मग पैसे साठवले आणि माझ्याकडे आली. मी बरीच वर्षं फोटो काढते आहे, त्यामुळे ओळखीतले लोक कॅमेरा घेण्याआधी एकदा विचारून जातात. तिचा प्रश्नही सगळ्यांचा असतो तोच: "ताई, कमी पैशांत चांगला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) कुठला?"

मॉडेलचं नाव मी सांगितलं नाही. म्हटलं, "तुला जमले नाहीत असे दहा फोटो दाखव."

तिने ते तिथेच मोबाइलवर दाखवले. एक अजून डोळ्यांसमोर आहे. प्रसंगात अभिनेत्री पत्र फाडते. चेहरा ठीक आला होता, पण दोन्ही हातांच्या जागी नुसता धुरकट पट्टा होता आणि कागद कुठे संपतो, बोटं कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. कमी उजेडात मोबाइल एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र जोडतो. समोरचं स्थिर असेल तर ही युक्ती उत्तम चालते. हलत्या हाताचा मात्र असा पट्टा होतो. दहापैकी सात फोटोंत हेच झालं होतं.

कॅमेऱ्यांच्या किमती ठिकाणागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून इथे रक्कम लिहीत नाही. तिच्याकडे जे होतं त्याचे दहा भाग धरू आणि त्याच भाषेत बोलू.

अडचण

वरवर पाहता प्रश्न "कुठला कॅमेरा" असा होता. ते दहा फोटो पाहिल्यावर तो "अंधूक खोलीत हलणारी माणसं" असा झाला, आणि तिथेच निम्मं काम झालं.

हलणारा हात थांबवायचा तर शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, जास्तीत जास्त १/१२५ सेकंद उघडं असावं लागतं, झटक्याची हालचाल असेल तर त्याहून जलद. स्वस्त कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स ५५ वर, म्हणजे पूर्ण झूमवर, नेली की तिचं छिद्र जास्तीत जास्त एफ/५.६ इतकंच उघडतं (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं). त्या खोलीच्या उजेडात अशा लेन्सला १/१२५ साठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ६४०० च्या आसपास लागत होती. तीच चौकट एफ/२ वर घेतली तर आठपट उजेड आत येतो, आणि आयएसओ ६४०० वरून ८०० वर उतरतो. सुरुवातीच्या वर्गातल्या कुठल्याही डीएसएलआरवर ८०० चा फोटो स्वच्छ येतो. ६४०० वर चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला दाणे दिसू लागतात आणि रंग फिके पडतात.

म्हणजे दोन बॉडींमध्ये (लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यांमध्ये) जो फरक पडला असता, त्याच्या कितीतरी पट फरक एका लेन्सने पडणार होता. हे मी तिला तोंडी सांगितलं तेव्हा तिने मान डोलावली, पण खरं पटलं ते माझ्या कॅमेऱ्यावर दोन लेन्स लावून तिच्याच तालमीत पाहिल्यावर.

इथे एक गैरसमज दूर करावा लागला. "पण किट लेन्समध्ये कंपन रोखायची सोय असते ना?" असं तिने विचारलं. असते. निकॉनमध्ये तिला व्हीआर म्हणतात, कॅननमध्ये आयएस. ती आपल्या हाताचं कंपन सावरते. समोरच्या माणसाचा हात हलला तर तिथे तिचा काही उपयोग नाही.

दुसरी अडचण आवाजाची. डीएसएलआरमध्ये प्रत्येक फोटोला आरसा वर उचलला जातो आणि खाली पडतो, त्यामुळे खट्ट असा आवाज होतोच. काही मॉडेलांत शांत शटरची सोय असते. तिने आवाज कमी होतो, नाहीसा होत नाही. चालू प्रयोगात प्रेक्षकांना त्याचा त्रास होणार. आवाज अजिबात नको असेल तर इलेक्ट्रॉनिक शटरचा मिररलेस, म्हणजे आरसाच नसलेला कॅमेरा, लागतो. त्यामुळे आधीच ठरवून टाकलं की ती तालमी आणि रंगीत तालीम टिपेल, प्रयोग नाही. हा निर्णय घेतला नसता तर डीएसएलआर हा पर्यायच बाद झाला असता.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय नव्या कॅमेऱ्याचा होता. कॅननचा १५००डी आणि १८-५५ किट लेन्स, साधारण आठ भाग. २०१८ सालचं मॉडेल, २४.१ मेगापिक्सेल, साधं आणि भरवशाचं. त्याच वर्षीचा ३०००डी आणखी स्वस्त होता, पण त्यात लेन्स बसते ते कडं प्लास्टिकचं, स्क्रीन २.७ इंचांची आणि सेन्सर १८ मेगापिक्सेलचा. तो मी सरळ खोडला. लेन्स वारंवार बदलायची असेल तर धातूचं कडं हवं. १५००डी मध्ये अडचण उरलेल्या दोन भागांची होती. एफ/१.८ ची लेन्स त्यात जेमतेम बसली असती, जास्तीची बॅटरी आणि कार्ड बाहेर राहिलं असतं. (फ्लॅश वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: १५००डी च्या फ्लॅशच्या खाचेत मधला संपर्कबिंदू नाही, त्यामुळे इतर कंपन्यांचे अनेक साधे फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. तालमीत फ्लॅश चालतच नाही, म्हणून आमचं अडलं नाही.)

दुसरा पर्याय नवा मिररलेस. आवाज नाही, फोकस सरस, पुढची वाटही त्याच दिशेची. पण बॉडी आणि छिद्र मोठं उघडणारी एक लेन्स मिळून दहा भागांच्या बरंच बाहेर जात होतं. कर्ज काढून घेऊ का, असं तिने विचारलं. छंदाच्या पहिल्या कॅमेऱ्यासाठी हप्ते लावून घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे आणि मी ते तसंच सांगितलं.

तिसरा पर्याय वापरलेला डीएसएलआर. आजच्या घडीला स्वस्तात चांगलं काही मिळतं ते इथेच. २००३ मध्ये कॅननच्या ३००डी पासून डीएसएलआर सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात येऊ लागला. आता तो वर्ग आवरता घेतला जातो आहे. निकॉनने २०१८ चा डी३५०० आणि २०१६ चा डी५६०० बनवणं थांबवलं आहे. लोक मिररलेसकडे वळताहेत आणि त्यांच्या कपाटातले चांगले कॅमेरे बाजारात येताहेत. लेन्सचंही तेच. ज्याला आज नवं काही शिकायचं आहे त्याच्यासाठी हा काळ खरोखर चांगला आहे.

वापरलेल्यांत दोघांवर येऊन थांबलो: निकॉन डी३४०० आणि डी५३००. दोन्ही २४.२ मेगापिक्सेलचे, दोघांना बॅटरी एकच. डी३४०० चं वय कमी आणि एका चार्जमध्ये सुमारे १२०० फोटो. डी५३०० चे सुमारे ६००. तरी मी डी५३०० कडे झुकले. कारण फोकसचे बिंदू: डी३४०० मध्ये ११, त्यांतला फक्त मधला क्रॉस प्रकारचा (आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा), डी५३०० मध्ये ३९, त्यांतले ९ क्रॉस. अंधारात क्रॉस बिंदूच लवकर पकड घेतो. शिवाय फिरवता येणारी स्क्रीन, म्हणजे जमिनीवर लोळण न घेता खालून फोटो. बॅटरी दुसरी विकत घेता येते, फोकसचे बिंदू नाही.

तीन सौदे

सौदे शोधायला तिने सहा आठवडे घेतले. दर रविवारी ठरलेल्या पाच गोष्टींचे भाव वहीत लिहायचे, एवढंच मी सांगितलं होतं. त्या वहीचा मोठा उपयोग झाला. एका नव्या कॅमेऱ्यावर "अर्ध्या किमतीत, फक्त आज" अशी पाटी होती, आणि वहीप्रमाणे तो सहापैकी चार रविवारी त्याच किमतीला मिळत होता.

पहिला सौदा जवळजवळ झालाच होता. नवी बॉडी, "तीन लेन्स", बॅग, तिपाई, फिल्टर, सफाईचा संच, सगळं मिळून बरोबर दहा भाग. रात्री तिचा फोन आला, "ताई, तीन लेन्स देताहेत!" मी यादी वाचून दाखवायला सांगितलं. पहिली १८-५५. दुसरी ७०-३००, पण व्हीआर नसलेली. ही लेन्स दोन प्रकारांत येते आणि नावातली ती दोन अक्षरं नसली की ३०० मिमीवर हातात धरून अंधूक उजेडात काही खरं नाही. तिसरी "वाइड अँगल" म्हणजे किट लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची एक काच. तिला लेन्स म्हणणंच चूक. तिने चित्राच्या कडा पुसट होतात. बॅग आणि तिपाई वगळून हिशेब केला तेव्हा बॉडी आणि किट लेन्स वेगळी घेतली तर दीड भाग वाचत होता. अंधारात उपयोगी पडेल असं त्या संचात काहीच नव्हतं.

दुसरा सौदा घरगुती विक्रेत्याचा. डी५३००, १८-५५ आणि ५० मिमी एफ/१.८, सगळं पाच भागांत. वयस्कर गृहस्थ होते, बोलायला अगदी सज्जन. "घरात पडूनच होता," म्हणाले. आम्ही त्यांना त्याच दिवशी काढलेला एक फोटो मूळ फाइल म्हणून ईमेलने पाठवायला सांगितला होता. मेसेजवरून पाठवलेल्या फोटोतून आतली माहिती बहुधा गळून जाते, म्हणून ईमेल. निकॉनच्या फाइलमध्ये आतापर्यंत शटर किती वेळा चाललं तो आकडा नोंदलेला असतो (कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो असा मिळत नाही, कॅमेरा केबलने संगणकाला जोडून वेगळ्या प्रणालीने वाचावा लागतो). आकडा ६१ हजारांच्या वर निघाला. या वर्गातल्या शटरची चाचणी साधारण १,००,००० वेळांची असते. तेवढ्यावर मी सौदा मोडला नसता, भाव कमी करून मागितला असता.

सौदा मोडला तो लेन्सनी. ५० मिमीवर एफ/१.८डी असं लिहिलेलं होतं. ही जुन्या धाटणीची लेन्स; तिच्यात फोकसची मोटर नसते, बॉडीतल्या मोटरवर ती चालते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींमध्ये ती मोटर नाही. लेन्स बसते, फोटोही निघतो, फोकस मात्र प्रत्येक वेळी हाताने. नुसतं एएफ नव्हे, एएफ-एस किंवा एएफ-पी (म्हणजे मोटर लेन्समध्येच) ही अक्षरं लेन्सवर हवीत, हे मी तिला पुन्हा पुन्हा घोकायला लावलं होतं, आणि हे तिने माझ्याआधी पाहिलं. मग १८-५५ च्या मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च धरला. आत काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू होते. बुरशी. ती साफ करायचा खर्च बहुतेक वेळा अशा लेन्सच्या किमतीवर जातो. त्यांना आम्ही दोन्ही गोष्टी दाखवल्या आणि उठलो. त्यांना बुरशीचं खरंच माहीत नव्हतं असं मला वाटतं. दमट कपाटात बंद राहिलेल्या लेन्सचं असंच होतं.

तिसरा सौदा वापरलेले कॅमेरे विकणाऱ्या दुकानात. डी५३०० आणि त्याची १८-५५ व्हीआर, शटर १४ हजारांच्या आत, सहा महिन्यांची हमी, सात दिवसांत परत करायची मुभा. पाच भाग. घरगुती सौद्यात तेवढ्याच पैशांत कागदावर जास्त मिळत होतं, पण इथे बिघडलं तर दार ठोठवायला जागा होती.

काय केलं

दुकानात आम्ही अर्धा तास घेतला आणि त्याची लाज बाळगली नाही. आधी बॉडीखालचे स्क्रू पाहिले. डोकी खरवडलेली असतील तर कुणीतरी उघडला आहे. कार्डाच्या खाचेत टॉर्च मारून आतले संपर्क पाहिले. बिलावरचा आणि बॉडीवरचा क्रमांक जुळवला. एफ/२२ वर, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो घेतला. सेन्सरवरची धूळ अशा फोटोत काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. दोन ठिपके दिसले, फुंकणीने एक गेला. झाकण लावून, शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो घेतला, त्यात सेन्सरच्या बिघाडाने चमकणारे बिंदू नव्हते. छापील कागद तिरका ठेवून मधल्या ओळीवर फोकस धरला आणि तीच ओळ टोकदार आली का ते मोठं करून पाहिलं. स्क्रीनची बिजागरी तिने दहा वेळा उघडमीट केली.

बॉडी पक्की झाली. मग लेन्स. मनात ३५ मिमी एफ/१.८ होती, पण दुकानात ती त्या दिवशी नव्हती. ५० मिमी एफ/१.८जी होती, मोटर आतच असलेली, काच आरशासारखी, दोन भाग. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घे. चेहरे छान येतील." कार्ड आणि दुसरी बॅटरी मिळून एक भाग. आठ भागांत संच उभा राहिला, दोन हातात राहिले.

निष्पन्न

पहिल्याच तालमीनंतर तिचा फोन आला. फोटो स्वच्छ होते, हात हातासारखे दिसत होते. पण, "ताई, भिंतीला पाठ टेकली तरी माणसं मावत नाहीत."

हिशेब मी आधी करायला हवा होता. डी५३०० चा सेन्सर २३.५ मिमी रुंद. पाच मीटरवरून ५० मिमीच्या लेन्सला जेमतेम २.३५ मीटर रुंदीचं दृश्य दिसतं. ३५ मिमीला ३.३६ मीटर. तिच्या खोलीत पाच मीटरच मागे सरता येत होतं. २.३५ मीटरांत दोन-तीन माणसं मावतात, पाच पात्रांचा प्रसंग नाही.

सात दिवसांची मुभा अजून संपली नव्हती, पण ती फक्त बॉडीला होती. दुकानाने ५० मिमी दीड भागाला परत घेतली आणि तीन आठवड्यांनी ३५ मिमी आली ती दोन भागांत दिली. घाटा अर्ध्या भागाचा. एकूण खर्च साडेआठ भाग.

त्यानंतर आठ महिने झाले. साधारण नऊ हजार फोटो झाले आहेत. बहुतेक १/१६० किंवा १/२००, एफ/२, आयएसओ ८०० ते १६०० यांतच बसतात. पत्राचा तो प्रसंग तिने पुन्हा टिपला: बोटांची पेरं दिसतात, आणि फाटलेला एक तुकडा हवेत, कडेचे तंतू मोजता येतील इतका स्पष्ट. संस्थेने तो फलकावर लावला.

आवाजाची अडचण तशीच आहे. एका शांत प्रसंगात दिग्दर्शकांनी तालीम थांबवून तिला हात केला. आता संहितेत शांततेच्या जागांवर ती पेन्सिलीने खूण करून ठेवते आणि तिथे कॅमेरा खाली घेते. उरलेला दीड भाग तिने तसाच ठेवला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक क्रमाची होती, आणि ती माझी. किट लेन्सवर ३५ आणि ५० दोन्ही येतात. त्या दिवशी फक्त बॉडी आणि किट लेन्स घेऊन, एका तालमीत रिंग आधी ३५ वर आणि मग ५० वर ठेवून पाहिली असती तर दहा मिनिटांत उत्तर मिळालं असतं. फोटोला दाणे आले असते, चौकट मात्र खरी दिसली असती. समोर स्वच्छ वस्तू होती, दुकानदार थांबला होता, अर्धा तास सगळं मनासारखं झालं होतं. अशा वेळी "आज नको" म्हणणं जड जातं. मी ते म्हणायला हवं होतं.

परतीची अट वाचतानाही घाई झाली. "सात दिवस" एवढंच ऐकलं, ते कशाकशाला लागू आहे हे बिलावर लिहून घेतलं नाही. लेन्सला ती मुभा मागितली असती तर कदाचित मिळालीही असती.

एका दिवसासाठी दोन्ही लेन्स भाड्याने घेणं हाही मार्ग होता. अर्ध्या भागापेक्षा त्यात नक्कीच कमी गेलं असतं.

सहा आठवड्यांची वही मी पुन्हा लिहायला लावीन. दुसऱ्या सौद्यातून उठून जाणंही योग्यच होतं. डी५३०० की डी३४०० यावर मात्र आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या, तेवढ्या लागायला नकोत. दोघांपैकी कुठल्याही बॉडीवर ३५ मिमीने हेच काम झालं असतं.

आणि एक गोष्ट नंतर सुचली. मोबाइलचा मुख्य कॅमेरा बहुधा फुल फ्रेमच्या (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरच्या २४ ते २८ मिमीइतकं दृश्य पाहतो. त्याच्या फोटोची अर्धी रुंदी कापून ठेवली तर उरतं ते निकॉनच्या या बॉडीवरच्या ३५ मिमीच्या जवळपास, आणि एक तृतीयांश ठेवली तर ५० मिमीच्या. मागच्या महिन्यात आम्ही तिचे ते जुने दहा फोटो काढून असे कापून पाहिले. सात अर्ध्या रुंदीत नीट बसले. एक तृतीयांशात फक्त एक. ते दहाही फोटो पहिल्याच दिवशी माझ्या हातात होते.